दुसऱ्या एकेरीचा प्रश्न पासपोर्टने सुटणार नाही

नोव्हेंबर 2025 मध्ये बेंगळुरूला भारताचा महिला टेनिस संघ बिली जीन किंग करंडकाच्या, म्हणजे देशादेशांतल्या महिला सांघिक स्पर्धेच्या, प्ले-ऑफमध्ये दोन लढती खेळला आणि दोन्ही हरला. एक स्लोव्हेनियाविरुद्ध, एक नेदरलँड्सविरुद्ध. गट तीन संघांचा होता आणि त्यातून एकच संघ पुढच्या वर्षीच्या पात्रता फेरीत जाणार होता. तो स्लोव्हेनिया ठरला. भारत परत आशिया-ओशनियाच्या पहिल्या गटात आला. त्याच गटातून सात महिन्यांपूर्वी पुण्यात तो मोठ्या कष्टाने वर चढला होता.

स्लोव्हेनियाची लोकसंख्या एकवीस लाखांच्या आसपास आहे. एकट्या नागपूर शहरात त्याहून जास्त माणसं राहतात. नेदरलँड्स एक कोटी ऐंशी लाखांचा देश. त्यामुळे हा प्रश्न माणसं कमी पडण्याचा नाही, हे सगळेच मान्य करतात. तरीही 2025 मध्ये फुटबॉलबरोबर टेनिसमध्येही पुन्हा वर आलेली मागणी माणसं बाहेरून आणण्याचीच आहे: परदेशात वाढलेल्या, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) असलेल्या खेळाडूंना भारताकडून खेळू द्या. ही चर्चा इथे नेदरलँड्समधल्या मराठी घरांतही होते, कारण ज्या मुलींबद्दल ती चालली आहे त्या आमच्याच आहेत. ॲम्स्टरडॅमला लागून असलेल्या ॲम्स्टेलवेनमध्ये भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि डच टेनिस महासंघाचं राष्ट्रीय केंद्रही त्याच गावात आहे.

माझं मत आधी सांगतो. ओसीआय मुलींना परवानगी मिळावी असं मला वाटतं. पण त्याने भारतीय संघाचं जे दुखणं आहे ते बरं होणार नाही. इथल्या टेनिसकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे आणि तिची चर्चा घरी फारशी होत नाही.

या करंडकातली लढत कशी होते ते आधी पाहू. दोन एकेरी आणि एक दुहेरी, तीनपैकी दोन सामने जिंकणारा संघ लढत जिंकतो. पहिला सामना दोन्ही संघांच्या क्रमांक दोनच्या खेळाडूंचा, दुसरा क्रमांक एकच्या खेळाडूंचा आणि शेवटी दुहेरी. कोण एक आणि कोण दोन हे कर्णधाराच्या मर्जीवर नसतं, ते जागतिक क्रमवारीवरून ठरतं. म्हणजे एखाद्या देशाकडे जगातली पाचवी खेळाडू असली, तरी ती तिच्या एकेरीचा एक गुण देईल आणि दमली नसेल तर दुहेरीत अर्धा वाटा उचलेल. बाकीचं इतरांनी करायचं असतं. पुण्यातल्यासारख्या गटसाखळीत सहा संघ असतात, पाच दिवसांत पाच लढती होतात. एकच खेळाडू रोज एकेरी आणि दुहेरी दोन्ही खेळली तर पाच दिवसांत दहा सामने. एप्रिलच्या उन्हात चौथ्या दिवशी तिच्या सर्व्हिसचा वेग उतरतो, दुसरी सर्व्हिस आखूड पडू लागते आणि समोरची एक पाऊल आत येऊन रिटर्न मारते. म्हणूनच सखोल संघ लागतो.

पुण्यात, म्हाळुंगे-बालेवाडीच्या कोर्टवर, भारत नेमका कशाने वर गेला ते पाहण्यासारखं आहे. पहिलीच लढत न्यूझीलंडविरुद्ध हरली. पण श्रीवल्ली भामिदिपतीने आठवडाभरात तिचे पाचही एकेरी सामने जिंकले. बहुतेक वेळा लढतीची सुरुवातच 1-0 अशी झाली, मग निर्णायक क्षणी अंकिता रैना आणि बार्शीची प्रार्थना ठोंबरे ही अनुभवी जोडी दुहेरीला उतरली. त्या आठवड्यात एकेरीच्या पहिल्या दोनशेत भारताची एकही खेळाडू नव्हती. तरी भारत थायलंड, हाँगकाँग, चायनीज तैपेई आणि दक्षिण कोरिया या चौघांना हरवून दुसरा आला. मोठी तारका नसलेल्या संघाने क्रमांक दोनच्या एकेरीच्या आणि दुहेरीच्या बळावर केलेली ती कामगिरी होती.

याच्या उलट सानिया मिर्झाची वर्षं आठवा. 2007 मध्ये ती एकेरीत जगात 27 वी होती. दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून तिची सहा ग्रँडस्लॅम विजेतेपदं आहेत. भारतीय महिला टेनिसमध्ये एवढी उंची दुसऱ्या कोणी गाठलेली नाही. पण त्याच काळात संघ आशिया-ओशनियाच्या पहिल्या आणि दुसऱ्या गटात वर-खाली होत राहिला. 2015 मध्ये हैदराबादला, सानिया दुहेरीत जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंत असताना, भारत दुसऱ्या गटातून वर चढण्यासाठी खेळत होता. प्ले-ऑफपर्यंत पहिल्यांदा पोहोचलो ते 2020 मध्ये दुबईला. तेव्हा आई झाल्यानंतर परतलेल्या सानियाला अंकिताची जोड होती. पुढच्या वर्षी लात्व्हियात युर्मालाला ओस्तापेन्को आणि सेवास्तोवा यांच्या संघाकडून 3-1 असे हरलो. अंकिताने पहिल्या सामन्यात ओस्तापेन्कोला तिसऱ्या सेटमध्ये 7-5 पर्यंत झुंजवलं होतं.

डच संघाचा इतिहासही हेच सांगतो. फेब्रुवारी 2016 मध्ये मॉस्कोत रशियाविरुद्ध किकी बेर्टेन्सने तिचे एकेरी सामने जिंकले, पण लढत फिरवली ती रिचेल होगेनकाम्पने. पहिल्या शंभराबाहेर असलेल्या या मुलीने स्वेतलाना कुझनेत्सोव्हाला तिसऱ्या सेटमध्ये 10-8 असं हरवलं. तो सामना चार तास चालला, या करंडकाच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत लांब. नेदरलँड्स उपांत्य फेरीत गेला, तिथे फ्रान्सशी 3-2 असा हरला. तीन वर्षांनी बेर्टेन्स जागतिक क्रमवारीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढली, पण त्याच वर्षी फेब्रुवारीत ती संघात नसताना नेदरलँड्स डेन बॉशला, स्वतःच्या घरी, कॅनडाकडून हरला.

आता ओसीआयबद्दल. 2008 च्या अखेरीपर्यंत भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारताकडून खेळता येत होतं. शिखा उबेरॉय आणि सुनीता राव महिला संघात होत्या. डिसेंबर 2008 मध्ये क्रीडा मंत्रालयाने ठरवलं की भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताची जर्सी. 2010 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते धोरण उचलून धरलं. ते बदला म्हणणाऱ्यांकडे उदाहरणं आहेत. पुण्यात भारताला हरवणाऱ्या न्यूझीलंडकडे लुलू सन होती. तिचा जन्म न्यूझीलंडमधला, पण ती बरीच वर्षं स्वित्झर्लंडकडून खेळली. 2024 मध्ये तिने न्यूझीलंडचा झेंडा घेतला आणि त्याच उन्हाळ्यात विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचली.

हे उदाहरण इथल्या मुलींना लावताना मात्र एक फरक लक्षात ठेवावा लागतो. लुलू सन न्यूझीलंडची नागरिक आहे. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, आणि भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला जागा नाही. दिल्लीतल्या मंत्रालयाने एक परिपत्रक बदललं की काम झालं, असंही नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पात्रता नियमांतही खेळाडूचं नागरिकत्व आणि पासपोर्ट पाहिला जातो. मग उरतो मार्ग एकच: डच पासपोर्ट सोडून भारतीय घ्यायचा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीसाठी त्याचा व्यावहारिक अर्थ काय, हे घरच्या चर्चेत कुणी मांडत नाही.

युरोपचा पासपोर्ट असलेली मुलगी सोमवारी सकाळी ठरवू शकते की पुढचा आठवडा जर्मनीत खेळायचा की बेल्जियममध्ये. रॅकेटची बॅग घेऊन ती आगगाडीत बसते. भारतीय पासपोर्टवर अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसावर येणाऱ्या खेळाडूला कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. व्हिसाचं शुल्क 90 युरो आहे, ते एक वेळ जाऊ द्या. खरा अडथळा मुलाखतीची तारीख मिळण्याचा आणि पासपोर्ट दूतावासात अडकून पडण्याचा असतो. स्पर्धेसाठी नाव आधी द्यावं लागतं, कट-ऑफ, म्हणजे प्रवेशासाठी लागणारा क्रमांक, वर-खाली होतो, माघार उशिरा घेतली तर दंड पडतो. व्हिसा हातात येईपर्यंत मुलीला कुठे खेळायचं हेच नक्की करता येत नाही. म्हणजे भारताकडून खेळण्यासाठी पासपोर्ट बदलणारी मुलगी ज्या गोष्टीमुळे चांगली झाली तीच सोडून येईल. एखादी असाधारण मुलगी हे करेलही. पण त्यावर संघ उभा राहत नाही.

आणि ती गोष्ट कोणती, यावर मला सविस्तर बोलायचं आहे. इथली कोर्टं सुंदर आहेत, प्रशिक्षक चांगले आहेत, हे खरं असलं तरी दुय्यम आहे. इथल्या मुलीला घराजवळ, स्वस्तात, आपल्या ताकदीच्या प्रतिस्पर्ध्याशी वर्षभर सामने मिळतात. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

डच टेनिस महासंघ 1899 चा. दीड हजारांहून अधिक क्लब त्याला जोडलेले आहेत आणि पाच लाखांहून अधिक नोंदणीकृत सभासद आहेत. फुटबॉलखालोखाल देशातली हीच मोठी क्रीडा संघटना. क्लब म्हणजे साधारण पाच-दहा कोर्टं, एक छोटी इमारत, दिवे. तो स्वयंसेवकांवर चालतो. सभासदांना वर्षातून काही वेळा कॅन्टीनच्या काउंटरवर उभं राहण्याची पाळी घ्यावी लागते आणि म्हणूनच वर्गणी प्रौढाला वर्षाला दोनशे युरोंच्या आसपास राहते, मुलांना त्याहून कमी. आपल्याकडच्या जिमखान्याच्या सभासदत्वाची रक्कम आणि प्रतीक्षायादी ज्यांना माहीत आहे त्यांना या आकड्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

लहान मुलं पिवळ्या चेंडूने सुरुवातच करत नाहीत. आधी लाल चेंडू, तो साध्या चेंडूपेक्षा सुमारे 75 टक्के मंद. कोर्ट 11 मीटर लांब, जाळी 80 सेंटिमीटर उंच. मग नारिंगी, 50 टक्के मंद, कोर्ट 18 मीटर. मग हिरवा, 25 टक्के मंद, पूर्ण 23.77 मीटरच्या कोर्टवर. हे रंग आंतरराष्ट्रीय महासंघाचे आहेत आणि 2012 पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत पिवळा चेंडू चालत नाही, असा नियम जगभर आहे. पण नियम असणं आणि रोजच्या सरावात तो पाळणं यांत अंतर असतं. सात-आठ वर्षांच्या मुलीसमोर पिवळा चेंडू टाकला की तो तिच्या खांद्याच्या वर उसळतो. तो मारण्यासाठी ती नकळत रॅकेटची पकड फिरवते आणि टोकाच्या वेस्टर्न पकडीवर, म्हणजे तळवा दांड्याच्या खाली जाणाऱ्या पकडीवर, जाते. मागे सरकत सरकत कोर्टच्या कुंपणाला टेकते. व्हॉली आणि स्लाइस शिकायची वेळ येते तेव्हा ती पकड सुटत नाही. पंधराव्या वर्षी दुहेरीत ती मुलगी नेटजवळ उभी राहायला घाबरते. दुहेरी ही भारताची खरी ताकद असताना आपण ती आठव्या वर्षीच कमी करत असतो.

यापुढे येते इथली ताकदीनुसार श्रेणी. डच पद्धतीत प्रत्येक सभासदाला 9 पासून 1 पर्यंत श्रेणी असते, 9 म्हणजे नवशिकी. एकेरीची वेगळी, दुहेरीची वेगळी. प्रत्येक अधिकृत सामन्याचा निकाल त्यात धरला जातो आणि कुणाला हरवलं, कुणाकडून हरलात, यावरून ती हलते. वय त्यात येत नाही. त्यामुळे तेरा वर्षांची तयारीची मुलगी तीस वर्षांच्या बाईशी खेळते आणि दोघींनाही सामना चुरशीचा वाटतो. ती बाई तिला स्लाइस टाकते, लॉब टाकते, वेग काढून घेते. मुलीला समवयस्कांत असं टेनिस कधी भेटलेलं नसतं.

आणि मग क्लबांची लीग. वसंतातली मोठी स्पर्धा एप्रिलमध्ये सुरू होते. आपापल्या ताकदीच्या संघांचा गट करून आठवड्याला एक लढत होते. महिलांच्या रविवारच्या लढतीत चार एकेरी आणि दोन दुहेरी असतात. आठ संघांचा गट असेल तर सात रविवार. म्हणजे एका मुलीला एका वसंतात सात एकेरी आणि जवळपास तितक्याच दुहेरी मिळतात. प्रवास सायकलचा किंवा अर्ध्या तासाच्या गाडीचा, हॉटेल नाही. शरदात पुन्हा लीग, उन्हाळ्यात क्लबांच्या खुल्या स्पर्धा. संघासाठी खेळायची, बाकावर बसलेल्या मैत्रिणीसाठी एक गुण वाचवायची सवय तेराव्या वर्षीच लागते. करंडकाच्या लढतीत लागते ती हीच.

आपल्याकडे काय होतं? मुलीचा सगळा हंगाम वयोगटाच्या गुणांवर चालतो. बारा, चौदा, सोळा, अठरा वर्षांखालील. गुण मिळतात ते फेरी ओलांडल्याचे. त्यामुळे पालक सोपा ड्रॉ कुठे मिळेल ते शोधतात आणि मुलीला तिथे नेतात. स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीच्या. थोडा हिशोब करू. 32 मुलींच्या ड्रॉमध्ये एकूण 31 सामने होतात. 16 मुली एकच सामना खेळून घरी जातात. सरासरी काढली तर मुलीमागे दोन सामनेही येत नाहीत. याच 32 मुलींचे चारचे आठ गट करून साखळी खेळवली तर प्रत्येकीला तीन सामने नक्की मिळतात आणि एकूण 48 होतात. चार कोर्टांवर, दिवसाला एका कोर्टवर चार-पाच सामने धरले, तर तीन दिवसांत साखळी संपते. सोलापूरहून किंवा कोल्हापूरहून रात्रभर प्रवास करून येणाऱ्या मुलीच्या आईवडिलांना एक सामना आणि तीन सामने यांतला फरक पैशांत मोजता येतो. मुलीच्या खेळात तो दोन वर्षांनी दिसतो.

अठरा वर्षांनंतर दरी आणखी रुंद होते. जागतिक क्रमवारीत नाव येण्यासाठी किमान तीन स्पर्धांत गुण हवेत किंवा एकूण 10 गुण. तिथपर्यंत बऱ्याच मुली येतात. सर्वांत खालच्या डब्ल्यू 15 स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम 15 हजार डॉलर. विजेतीला दोन हजार डॉलरच्या थोडं वर मिळतं, पहिल्या फेरीत हरणारीला दीडशेच्या आसपास. प्रवास, हॉटेल आणि रॅकेटच्या तारांचा खर्चही त्यातून निघत नाही. गुणांचं गणित त्याहून कडक आहे. डब्ल्यू 15 जिंकणारीला 15 गुण, डब्ल्यू 35 ला 35, डब्ल्यू 50 ला 50. क्रमवारीत वर्षातल्या सर्वोत्तम 18 स्पर्धा धरतात. कुणी अठरा डब्ल्यू 15 जिंकल्या तरी गुण होतात 270. ग्रँडस्लॅमच्या पात्रता फेरीत बसायला साधारण तीनशे लागतात. म्हणजे घरच्या छोट्या स्पर्धांवर कितीही राज्य केलं तरी त्या दारापर्यंत पोहोचता येत नाही. डब्ल्यू 50, डब्ल्यू 75 खेळायलाच हव्यात, त्या युरोप, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियात जास्त, आणि मग पुन्हा व्हिसा.

ही दरी ओलांडण्याचा एक मार्ग भारतीय मुलींनी स्वतःच शोधला आहे: अमेरिकेतलं कॉलेज टेनिस. सहजा यमलापल्ली सॅम ह्यूस्टन स्टेटमध्ये खेळली, ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एममध्ये. ऋतुजाने पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. नोव्हेंबर 2025 मध्ये चेन्नई ओपन जिंकणारी इंडोनेशियाची जॅनिस त्येन हीसुद्धा याच वाटेने आली. पेपरडाइन विद्यापीठात शिकली, मग आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, लहान स्पर्धा एकामागून एक जिंकत वर्षभरात पहिल्या शंभरात शिरली. कॉलेजला जाणं म्हणजे व्यावसायिक टेनिस सोडणं, असं आपल्याकडे अजूनही बोललं जातं. ते चुकीचं आहे. बावीसाव्या वर्षापर्यंत फुकट कोर्ट, फिजिओ आणि दर आठवड्याला सांघिक सामने देणारी दुसरी जागा भारतीय मुलीला सध्या नाही.

इथून असं सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, असा आक्षेप येऊ शकतो, आणि त्यात तथ्य एवढंच आहे की डच पद्धत जशीच्या तशी उचलता येत नाही. इथलं सगळं आलबेल आहे असंही कुणी समजू नये. बेर्टेन्सने 2021 मध्ये खेळ थांबवल्यापासून तिच्या उंचीची डच खेळाडू झालेली नाही. सुझान लामेन्सने 2024 मध्ये ओसाकाची स्पर्धा पात्रता फेरीतून येऊन जिंकली, ती आज संघाचा आधार आहे, पण नेदरलँड्सचा महिला संघही 1968 आणि 1997 ही दोन वर्षं सोडली तर अंतिम सामन्यापर्यंत गेलेला नाही. क्लबांत पॅडेलची (भिंतींनी वेढलेल्या छोट्या कोर्टवरच्या रॅकेटच्या खेळाची) कोर्टं झपाट्याने वाढत आहेत आणि कित्येक ठिकाणी ती टेनिस कोर्टाच्या जागेवर येतात. तरीही खालून मुली येत राहतात. बेंगळुरूत डच संघ उतरला तेव्हा त्याच्याकडे क्रमांक दोनची खेळाडू होती, तिसरी होती आणि दुहेरीची जोडीही. भारताच्या एकेरीच्या खेळाडू तेव्हा पहिल्या अडीचशेच्याही बाहेर होत्या.

महाराष्ट्राकडे मात्र अशा काही गोष्टी आहेत ज्या डच लोकांना मिळणार नाहीत. नोव्हेंबर ते मार्च आपल्याकडे उघड्यावर दिवसभर खेळता येतं. इथे त्या काळात पाऊस आणि अंधार असतो, छताखालच्या कोर्टसाठी तासाला पंचवीस-तीस युरो मोजावे लागतात. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर महिलांची आयटीएफ स्पर्धा वर्षानुवर्षं भरते. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर महिला व्यावसायिक संघटनेची डब्ल्यूटीए 125 स्पर्धा होते. 2017 मध्ये ती आर्यना सबालेंकाने जिंकली होती, तेव्हा तिचं नाव फार थोड्यांना माहीत होतं. 2025 मध्ये त्याच स्पर्धेत कोइंबतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन रेवती उपांत्य फेरीत गेली. अंकिता रैना पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडे घडली. ही सामग्री थोडी नाही.

तिचा क्रम लावायला हवा. हिवाळ्यात एका शहरात एक स्पर्धा आणि मग तीन आठवड्यांचा खंड, असं न करता मुंबई, पुणे, सोलापूर, नागपूर अशा चार-पाच सलग आठवड्यांत डब्ल्यू 35 आणि डब्ल्यू 50 लावाव्यात. परदेशी खेळाडू एका विमान तिकिटात चार स्पर्धा मिळत असतील तर येतात आणि त्यांच्यामुळेच ड्रॉची ताकद वाढते. आपल्या मुलींना तेच सामने रेल्वेच्या तिकिटात मिळतात. वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी न पाहता मिळणारा थेट प्रवेश, देताना गेल्या वर्षीची राष्ट्रीय विजेती कोण, यापेक्षा अठरा ते तेवीस वयोगटात सध्या कोण चांगलं खेळते ते पाहावं. नाहीतर कॉलेजहून परतलेली मुलगी ड्रॉबाहेर राहते. त्याच्याही खाली, जानेवारी-फेब्रुवारीत पुणे आणि मुंबईतल्या क्लबांची महिलांची लीग: प्रत्येक संघात किमान एक सोळा वर्षांखालची मुलगी, चार एकेरी, दोन दुहेरी, श्रेणी जागतिक टेनिस क्रमांकावरून. तो क्रमांक 40 पासून 1 पर्यंत जातो, आंतरराष्ट्रीय महासंघ तो देतो. नवी यंत्रणा उभारावी लागत नाही, फक्त निकाल वेळच्या वेळी भरावे लागतात. जिमखान्यांनी रविवारची सकाळ सभासदांच्या दुहेरीसाठी राखून ठेवलेली असते. ती आठ रविवार सोडणं हीच यातली सर्वांत अवघड गोष्ट आहे.

घरच्या लढतीचा फायदाही नीट घ्यायला हवा. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटरवर आहे. हवा विरळ, चेंडू जास्त पळतो आणि जास्त उसळतो. उंच ठिकाणासाठीचे वेगळे चेंडू नियमाप्रमाणे 1,219 मीटरच्या वर येतात, म्हणून तिथे साधेच चेंडू लागतात. त्यामुळे रॅकेटच्या तारा एक-दोन पौंड जास्त ताणाव्या लागतात, टॉप-स्पिन वाढवावा लागतो, नाहीतर फटके बेसलाइनच्या वीतभर बाहेर पडत राहतात. समुद्रसपाटीहून आलेल्या युरोपीय खेळाडूला हे जुळवायला वेळ लागतो. आपल्या मुली तिथेच तीन आठवडे राहून खेळल्या तरच तो वेळ आपल्या बाजूने मोजला जाईल. चेन्नई-हैदराबादहून आदल्या आठवड्यात येणाऱ्या आपल्या खेळाडूलाही तेच जुळवावं लागतं.

आणि परत आमच्या मुलींकडे. ॲम्स्टेलवेन, आइंडहोवन, द हेग इथल्या मराठी घरांतल्या बऱ्याच मुलींकडे आजही भारतीय पासपोर्टच आहे. आईवडील नोकरीच्या परवान्यावर आलेले, मुलीकडे डच निवास परवाना. त्यांना भारताकडून खेळायला कोणताही नियम बदलावा लागत नाही, आणि निवास परवान्यामुळे नेदरलँड्समध्ये 90 दिवसांची अटही लागत नाही. त्या दर रविवारी क्लबच्या लीगमध्ये खेळतात, प्रत्येकीची श्रेणी डच महासंघाच्या संगणकात नोंदलेली आहे. ओसीआयवर निर्णय व्हायला कितीही वर्षं लागोत, भारतीय महासंघाने किंवा महाराष्ट्राच्या राज्य संघटनेने या मुलींसाठी एक नोंदणी उघडावी: नाव, जन्मतारीख, पासपोर्ट, जागतिक टेनिस क्रमांक. डिसेंबरच्या सुट्टीत त्या आजी-आजोबांकडे पुण्या-मुंबईला येतातच. तेव्हा वयोगटाचे गुण नसल्याने त्यांना राष्ट्रीय स्पर्धेच्या ड्रॉमध्ये जागा मिळणं अवघड असतं. टेनिस क्रमांकावर आधारित दोन-चार जागा ठेवल्या तर पुण्यातली चौदा वर्षांची मुलगी आणि आइंडहोवनची चौदा वर्षांची मुलगी एकमेकींशी खेळतील आणि निवड समितीला दोघींचा खेळ एकाच कोर्टवर पाहायला मिळेल.